ट्रॅक्टर हांकण्यांतील तारतम्य

बैलगाडी हांकणारा जाणता गडी सपाट वाटेवर चाबूक उचलीत नसे. पण चिखलाची जागा पुढें दिसली कीं, तेथें पोंचण्याच्या आधींच तो बैलांना हाळी देऊन जोमाला आणी. आणि उतार लागण्यापूर्वीं कासरा आंखडून धरी. सौम्यपणा कोठें व जोर कोठें, हें तो स्वतःच्या लहरीवरून नव्हे, तर वाट व ओझें पाहून ठरवीत असे. आज पुष्कळ ठिकाणीं बैलांची जागा ट्रॅक्टरनें घेतली आहे. परंतु हें तारतम्य यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं. तें शिकावें लागतें. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शेतांतील काम घेऊं. कुळवणीसारख्या हलक्या कामाला वरचा गिअर घालून रेस कमी ठेवावी. चाल तीच राहते, इंजिनाचे फेरे कमी होतात आणि डिझेल वांचतें. येथें सौम्य हात हाच फायद्याचा. परंतु हीच रीति खोल नांगरटीला लावली तर इंजिन धापा टाकूं लागतें, धुराड्यांतून काळा धूर निघतो व यंत्रावर नाहक ताण बसतो. ही काटकसर खोटी होय. अशा वेळीं गिअर उतरवावा, रेस वाढवावी आणि इंजिनाला मोकळ्या जोमानें काम करूं द्यावें.

मळणीयंत्र, रोटाव्हेटर इत्यादि पी. टी. ओ. वर चालणाऱ्या अवजारांची गोष्ट आणखी निराळी आहे. यांपैकीं बहुतेक अवजारें पी. टी. ओ. च्या दांड्याचे मिनिटास 540 फेरे धरून बनविलेलीं असतात. फेरे कमी पडले तर मळणी अर्धवट होते. वाढले तर अवजारास हादरे बसतात. तेव्हां येथें ना सौम्यपणा ना जोर; ठरलेली रेस हाच नियम.

क्लचवर सदा पाय टेकवून ठेवणें हें दिसावयास सावधपणाचें वाटतें. पण त्यानें क्लचची प्लेट घासून जाते. पाय लागेल तेव्हांच ठेवावा, आणि काढतांना सावकाश काढावा. रुतलेली ट्रॉली ओढतांना तर हें जिवाशीं गांठ घालणारें आहे. पूर्ण रेस देऊन क्लच एकदम सोडला कीं पुढचीं चाकें उचललीं जातात, आणि हांकणाऱ्यास पाय परत दाबण्यास अवसर मिळण्यापूर्वींच ट्रॅक्टर मागें उलटूं शकतो. सांखळी मागच्या आंसाहून उंच जागीं अडकविली असेल तर हा धोका फारच वाढतो. म्हणून ओढ नेहमीं खालच्या ड्रॉबारलाच द्यावी. ट्रॉली तरीही हलेना, तर चाकांपुढची माती काढावी अगर कांहीं माल उतरवावा. घटकाभर वेळ जाईल. माणूस जाणार नाहीं.

आतां रस्त्याविषयीं. ताशीं 20 किलोमीटर वेगानें जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदांत सुमारें साडेपांच मीटर पुढें जातो. वेग 40 झाला कीं हें अंतर दुप्पट होतें. पण धडकेची शक्ति मात्र चौपट होते, आणि ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारें अंतरही जवळजवळ त्याच प्रमाणांत वाढतें. त्यांत पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. थांबूं पाहणाऱ्या ट्रॅक्टरला मागची उसानें भरलेली ट्रॉली पुढें ढकलीत राहते. यासाठीं शेत सोडून रस्त्याला लागतांना ब्रेकचीं दोन्ही पायटीं एकमेकांस जोडलीं आहेत ना, हें पाहावें. एकट्या बाजूचा ब्रेक लागल्यास गाडी फिरून उलटते.

डिझेल वांचविण्यासाठीं घाटांत न्यूट्रल करून उतरणें ही संवय अत्यंत घातक आहे. उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर घालावा व वाटेंत क्लच दाबूं नये. मग इंजिनच गाडीला आवरून धरतें, आणि ब्रेक तापून निकामी होण्याची वेळ येत नाहीं. जुन्या गड्याचा आंखडलेला कासरा तो हाच.

हळूं जाणें हेंही सर्वकाळ सुरक्षित नव्हे. अंधारांत हळूं चाललेली ट्रॉली मागून येणाऱ्या भरधाव मोटारीस दिसलीच नाहीं तर अनर्थ होतो. मागचा दिवा व चमकणाऱ्या पट्ट्या नसतील तर रात्रीं रस्त्यावर जाऊंच नये.

शेवटीं मालक बंधूंस एक विनंति. हांकणाऱ्याचा हात पुष्कळदां मालकाच्या जिभेनें चालतो. "आज आणखी एक खेप झालीच पाहिजे" असें आपण सकाळीं म्हणतों, आणि संध्याकाळीं तो दमलेला तरुण उतारावर न्यूट्रल करतो. खेपा मोजतांना घाट, ओझें व माणसाचा थकवा हेही हिशेबांत धरावे. ओझ्याप्रमाणें गिअर, कामाप्रमाणें रेस आणि वाटेप्रमाणें वेग, एवढें जरी आपण त्यास समजावून दिलें व त्याप्रमाणें वागण्यास सवड दिली, तरी यंत्र टिकेल, डिझेल वांचेल आणि घरचा माणूस दिवेलागणीला घरीं येईल.