कपाटाला कड्या कशाला?

प्रश्न : मुलगा-सून तोक्योत राहतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे महिनाभर राहून आलो. सुनेने तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक लाकडी कपाट आणलंय. एकावर एक ठेवलेले दोन भाग, रुंद खण, कोपऱ्यांना काळ्या लोखंडी पट्ट्या. पण दोन्ही कुशींना जाड कड्याही आहेत. कपाटाला कड्या कशासाठी? आणि असलं कपाट आजच्या फ्लॅटमध्ये कामाचं असतं, की नुसतं शोभेचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कड्या दांडा ओवायला. पालखीचा दांडा भोई खांद्यावर घेतात, तसा या कड्यांतून दांडा घालून दोन माणसं कपाट उचलायची आणि चालू लागायची. काही कपाटांत ही कडी एरवी कुशीला लपलेली असते. वर ओढली की माथ्याच्या वर तिची कमान होते. या कपाटांना जपानीत ‘तान्सू’ म्हणतात. ती मोजायची आपल्यासारखी ‘नगा’त नाही, तर ‘साओ’त, म्हणजे दांड्यांत. एक दांडा कपाट, दोन दांडे कपाटं!

इतकी उचलाउचल कशासाठी, तर आगीसाठी. आजचं तोक्यो म्हणजे तेव्हाचं एदो हे लाकूड, कागद आणि गवती चटयांचं शहर होतं. एक ठिणगी पडली की गल्लीच्या गल्ल्या जायच्या. तेव्हा घरोघरी कपड्यांसाठी लांबट पेटारा असायचा, आणि तो चटकन बाहेर काढता यावा म्हणून कुणा हुशार सुताराने त्याला चाकं लावली. १६५७ साली एदोत महाभयंकर आग लागली. जो तो आपला चाकांचा पेटारा ढकलत रस्त्यावर आला, पेटाऱ्यात पेटारे अडकले, वाट तुंबली आणि मागची माणसं तिथेच सापडली. जुने वृत्तांत या आगीत लाखभर माणसं गेल्याचं सांगतात. पुढे १६८३ मध्ये एदो, क्योतो आणि ओसाका या तिन्ही शहरांत चाकांच्या पेटाऱ्यांवर बंदी आली. सामान वाचवायची युक्तीच माणसांच्या जिवावर उठली होती. साधारण याच सुमारास खणांची कपाटं येऊ लागली होती. त्यांना चाकं नव्हती. होते ते दोन सुटे भाग आणि दांडा.

लाकूडही उचलायला सोपं. कपड्यांच्या चांगल्या तान्सूला ‘किरी’ नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. ५०० येनच्या नाण्यावर या झाडाची पानं-फुलं आहेत, तुम्ही हाताळलंही असेल ते नाणं. हे लाकूड सागाच्या निम्म्याहून हलकं असतं. झाड भराभर वाढतं, म्हणून मुलगी झाली की अंगणात किरी लावायचं आणि तिच्या लग्नात ते तोडून तान्सू करायचं, अशी रीत सांगतात. दमट हवेत हे लाकूड किंचित फुगतं आणि फटी मिटतात, त्यामुळे आतले कपडे कोरडे राहतात. आगीच्या वेळी कपाटावर पाणी ओतत, तेही याच गुणासाठी. कारागिरीची परीक्षा सोपी आहे : एक खण आत ढकला. आतली हवा दाबली जाऊन दुसरा खण आपोआप बाहेर सरकला, तर सुतार खरा.

जहाजावरच्या तान्सूची तर गोष्टच वेगळी. जपानच्या पश्चिम किनाऱ्याने व्यापार करणारी गलबतं असत. त्यांचे नाखवे पैसे, कागदपत्रं आणि शिक्के एका छोट्या, चोरखणांच्या पेटीत ठेवत. बाहेरून कठीण ‘केयाकी’ लाकूड आणि लोखंडाचं चिलखत, आतून किरी. गलबत बुडालं तरी पेटी तरंगावी, ही अपेक्षा! आज संग्राहक सगळ्यात जास्त पैसे याच पेट्यांवर उधळतात, आणि मला तो उधळेपणा समजू शकतो.

आता तुमच्या फ्लॅटचा प्रश्न. किमोनो सरळ पट्ट्या शिवून केलेला असतो, त्यामुळे घडी घातली की तो पुठ्ठ्यासारखा सपाट होतो. खण रुंद आणि उथळ आहेत ते म्हणून. शर्ट टांगायची सवय असलेल्यांची तिथे पंचाईत होते; जपानमध्येही पाश्चात्त्य कपडे आणि भिंतीतली कपाटं आली, तशी ही तान्सू अडगळीत गेली. तुमच्या सुनेला ती जुन्या सामानात मिळाली, ती त्यामुळेच. पण साडी हीसुद्धा सपाट घडीचीच वस्तू. पैठण्यांसाठी याहून चांगला खण मला तरी माहीत नाही. मऊ कापडात गुंडाळून एकेक आडवी ठेवायला सांगा.

भाग सुटे करता येतात, म्हणून खालचा टीव्हीखाली आणि वरचा पलंगाशेजारी, अशी वाटणीही होते. चालेल. मात्र वायरींसाठी मागच्या फळीला भोक पाडू नका. शंभर वर्षं आगीतून वाचलेलं कपाट सेट-टॉप बॉक्सने मारावं, हे बघवत नाही. जिन्याच्या आकाराचं तान्सूही मिळतं, प्रत्येक पायरीखाली खण असलेलं. ते पुस्तकांसाठी झकास आहे, पण त्यावरून चढू नका. पायऱ्या उभ्या असतात आणि कठडा नसतो.

जपणूक थोडीच लागते. थेट ऊन नको, हीटरचा गरम झोत नको. रंग न दिलेलं किरी ओल्या फडक्याने पुसलं तर डाग पडतात. आगीत बादलीभर पाणी सोसणारं लाकूड धूळ पुसताना मात्र असं नाजूक! काळवंडलंच तर घाबरू नका. जाणकार सुतार वरचा पापुद्रा रंध्याने काढून त्याला पुन्हा नव्यासारखं करतात.

आणि घर बदलायची वेळ आली, तर आधी खण काढा, मग वरचा भाग उतरवा. कड्या जुन्या असतील तर त्यांना धरून लोंबकळत उचलू नका, बुडाखाली हात घाला. दांडा घालायचाच असेल, तर आधी कडीचे खिळे हलवून बघा.