आपली घंटा आपणच वाजवावी

निवासी शाळेत वाढलेल्या माणसाला घंटेचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहाटेची घंटा, वंदनेची घंटा, वर्गाची, भोजनाची, सायंकाळच्या अभ्यासाची आणि शेवटी दिवे मालवण्याची घंटा. दिवसाचे निर्णय घंटा घेत असे आणि आम्ही ते पाळत असू. 'आता अभ्यासाला बसावे की थोड्या वेळाने बसावे', हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. पुढे महाविद्यालय, नोकरी, संसार सुरू झाला आणि ती घंटा मागे राहिली. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवसात घंटेसारखी वाजणारी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे खिशातला मोबाइल. शाळेची घंटा आपल्याला कामावर बसवीत असे; ही घंटा बसलेल्या माणसाला कामावरून उठवते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांला एका साध्या परंतु निकडीच्या विषयाचा विचार वाचकांसमोर ठेवावासा वाटतो. हातातले काम पुढे ढकलण्याची सवय, मोबाइलने तिला दिलेले बळ आणि या दोहोंवर रोजच्या दिनचर्येतून करता येण्याजोगा उपाय, असा हा विषय आहे.

आपल्या समाजासाठी तो निकडीचा का, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात दहावीची गुणपत्रिका आपल्याच रूपाने पहिल्यांदा आली. अशा घरात अर्जाची मुदत लक्षात ठेवणारे, कागदपत्रांची आठवण करून देणारे दुसरे कोणी नसते. जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव 'पुढच्या आठवड्यात' दाखल करायचा म्हणून राहतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या वेळी ते प्रमाणपत्र हाती नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरायला घ्यावा, तर संकेतस्थळ उघडत नाही किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली निघते. ज्यांच्या पाठीशी पैसा आहे, त्यांना वाया गेलेले वर्ष पुन्हा विकत घेता येते. आपल्या मुलांना ती सवलत नाही.

चालढकल आणि आळस

चालढकल करणारा माणूस आळशी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहसंशोधिका यांनी २०१३ मध्ये केलेले विवेचन मात्र निराळे आहे. त्यांच्या मते चालढकलीचे मूळ वेळेच्या नियोजनापेक्षा भावनांत अधिक आहे. काम अवघड वाटते, अपयशाची भीती वाटते, सुरुवात कोठून करावी ते उमगत नाही. त्यामुळे मन अस्वस्थ होते आणि ती अस्वस्थता टाळण्यासाठी ते कामच टाळते. काम बाजूला सारताच क्षणभर बरे वाटते. हे बरे वाटणेच चालढकलीचे बक्षीस ठरते, म्हणून ती पुन्हा पुन्हा घडते. रात्री पश्चात्ताप होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच काम अधिक जड वाटू लागते.

धम्माचा अभ्यास असणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. चित्ताला झाकोळणाऱ्या पाच नीवरणांत थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती आणि जडता, हे एक आहे. परंतु त्याच यादीत उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे चंचलता आणि पश्चात्ताप, हे वेगळे नीवरण सांगितले आहे आणि विचिकिच्छा, म्हणजे डळमळीत संशय, हेही वेगळे सांगितले आहे. ज्याला आपण सरसकट आळस म्हणतो, त्यात पुष्कळदा ही तिन्ही एकत्र असतात. तीन तास मोबाइल पाहणारा मुलगा सुस्त नसतो. त्याचे बोट आणि डोळे अखंड चालू असतात. त्याच्या ठिकाणी चंचलता असते आणि तिच्या मागे बहुधा एखाद्या विषयाची भीती दडलेली असते.

गृहस्थांसाठी मार्गदर्शक मानल्या जाणाऱ्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी संपत्तीच्या नाशाची सहा कारणे सांगितली आहेत. आळस हे त्यांतील एक. तेथे काम टाळणाऱ्याच्या सबबी एकामागून एक मोजून दाखवल्या आहेत : फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, फार भूक लागली आहे, पोट फार भरले आहे. ही यादी वाचताना हसू येते, कारण आजच्या सबबीही त्याच आहेत. त्यात भर एवढीच पडली आहे, की 'पाचच मिनिटे मोबाइल पाहतो आणि बसतो.'

यातून पालकांसाठी एक बोध निघतो. मुलाला 'आळशी' म्हणून हिणवल्याने त्याची अस्वस्थता वाढते आणि अस्वस्थता वाढली की टाळाटाळही वाढते. त्याऐवजी 'कोणत्या ठिकाणी अडले आहे?' असे विचारावे. बहुधा एखादे प्रकरण, एखादे सूत्र, एखादा इंग्रजी उतारा तेथे सापडतो. अडलेली जागा मोकळी झाली, की टाळण्याचे अर्धे कारण संपते.

मोबाइल असा का खेचतो?

अस्वस्थ मनाला बाहेर पडण्यासाठी दार हवे असते. पूर्वी ते दार शोधावे लागे. आता ते हातातच असते. शिवाय ते सतत उघडे राहावे अशीच त्याची घडण केलेली आहे. वर्तमानपत्राचे पान संपते, पुस्तकाचे प्रकरण संपते, आणि संपल्यावर माणूस क्षणभर थांबून 'पुढे काय' असा विचार करतो. २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने बोट वर सरकवत राहिले तरी कधीच न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि तो थांबण्याचा क्षणच नाहीसा झाला. आपल्या या निर्मितीबद्दल रास्किन यांनीच पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला.

दुसरे कारण मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांतून समजते. कळीवर चोच मारली की कधी दाणा मिळे, कधी मिळत नसे. दाणा केव्हा मिळेल हे निश्चित नसताना कबुतरे अधिक चिकाटीने चोच मारीत राहिली. पुढची चित्रफीत मजेदार निघेल की कंटाळवाणी, हे आपल्यालाही ठाऊक नसते. म्हणूनच बोट थांबत नाही.

मोबाइल वाजला नाही तरी त्याचे जवळ असणे अडथळा ठरू शकते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सर्वांचे फोन मूक ठेवले होते. काहींचे समोर टेबलावर, काहींचे खिशात वा पिशवीत आणि काहींचे शेजारच्या खोलीत. बुद्धीच्या चाचण्यांत शेजारच्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी टेबलावर फोन ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्यास एक पैसाही लागत नाही. प्रत्येकाने आठवडाभर स्वतःवर हा प्रयोग करून पाहावा.

याचा अर्थ मोबाइल हा शत्रू आहे, असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक घरांत मुलांसाठी पहिला स्मार्टफोन 'शाळा' म्हणूनच आला. आजही शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, उत्तम शिक्षकांची व्याख्याने त्यावरच मिळतात. अडचण एवढीच, की ज्या खिडकीतून ज्ञान येते त्याच खिडकीतून गोंगाटही येतो. सुत्तांमध्ये स्मृतीला, म्हणजे सतीला, नगराच्या वेशीवरील द्वारपालाची उपमा दिली आहे. द्वारपाल वेस कायमची बंद करीत नाही. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, हे तो जाणतो.

सवय घडायला किती दिवस लागतात?

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. लंडनमधील संशोधिका फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष अधिक वास्तव आहेत. ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे वा व्यायाम यांविषयीची एकेक साधी कृती रोज ठरावीक प्रसंगी करायची होती. ती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, असे दिसले. मात्र कोणासाठी हा काळ १८ दिवसांचा तर कोणासाठी २५४ दिवसांचा येत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही, हेही आढळले. तीन आठवड्यांनंतरही नेटाने बसावे लागते म्हणून निराश होणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचारही उपयोगी आहे. नुसत्या संकल्पापेक्षा 'अमुक घडले की मी अमुक करीन' अशी बांधणी केलेला संकल्प पार पडण्याची शक्यता अधिक असते. 'उद्यापासून अभ्यास करीन' हा संकल्प हवेत राहतो. 'रात्रीची ताटे उचलली, की खिडकीजवळ बसून गणिताचे पहिले उदाहरण सोडवीन' या संकल्पाला वेळ आहे, जागा आहे आणि पहिले पाऊल आहे. शाळेची घंटा नेमके हेच काम करीत होती.

दिनचर्येसाठी सहा नियम

पहिला नियम, अभ्यास किंवा महत्त्वाचे काम रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावे : सकाळची वंदना, संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण. घड्याळापेक्षा असा प्रसंग अधिक विश्वासू असतो.

दुसरा, पहिले पाऊल इतके लहान ठेवावे की त्याची भीती वाटू नये. अर्जाचे नुसते पहिले पान भरावे. निबंधाची पहिली तीन वाक्ये लिहावीत. सुरुवात झाली की अस्वस्थता ओसरू लागते.

तिसरा, कामाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकाच खोलीचे घर असेल तर डब्यात घालून उंच फळीवर ठेवावा. पहाटे उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ घ्यावे, म्हणजे मोबाइल उशाशी ठेवण्याचे कारणच उरणार नाही.

चौथा, सलग थोडा वेळ एकच काम करावे. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजरयंत्र लावून अभ्यासाची पद्धत बसवली : २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती. विश्रांतीत पाणी प्यावे, चार पावले चालावे. मोबाइल उघडू नये.

पाचवा, रात्री झोपण्यापूर्वी उद्याचे सर्वांत महत्त्वाचे एक काम कागदावर लिहून ठेवावे. सकाळी उठून निर्णय घ्यावा लागला, की मन सबब शोधते.

सहावा नियम आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. खंड पडला तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा बसावे. आनापानसतीत आपण हेच करतो; मन भरकटले हे ध्यानात येते आणि ते श्वासावर परत आणले जाते. हे परत आणणे हीच साधना असते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हाती होती. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये, मुदत संपण्यापूर्वी, ते लंडनला परतले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली. जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम आपण ठिकठिकाणी घेतो, ते स्तुत्यच आहेत. परंतु वर्षातून एक दिवस अठरा तास बसण्यापेक्षा रोज दोन तास बसणे, आणि खंड पडला तरी परत येऊन बसणे, हे त्या चरित्राचे अधिक खरे अनुसरण होय.

घर, वस्ती आणि विहार

एकट्याने नियम पाळणे कठीण जाते. सर्वांनी मिळून पाळला की तो सोपा होतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हे करून दाखवले. तेथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद राहू लागले. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे, बोलावे, असा हेतू होता. या उपक्रमाचे मर्म असे, की नियम केवळ मुलांसाठी नव्हता. वडील स्वतः चित्रफिती पाहत असताना मुलाला दिलेला अभ्यासाचा उपदेश त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे तर यासाठी तयार चौकट आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने असतात. या काळात अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे नित्य वाचन होते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सोबत बसणारी माणसे आणि सुमारे ९० दिवसांचा अवधी. सवय घडण्यास जे लागते ते सर्व त्यात आहे. म्हणून आमची विनंती अशी, की येत्या वर्षावासात प्रत्येक घराने रोजचा एक तास मोबाइलविना ठेवावा. ग्रंथवाचनाला जोडून विहारात मुलांची अभ्यासिका चालवावी, दाराशी फोन ठेवण्यासाठी एक पेटी ठेवावी आणि त्यात पहिला फोन मोठ्यांनी टाकावा. माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे बसून मुलांचे अर्ज, दाखले आणि मुदती तपासून द्याव्यात.

धम्मपदाच्या २६ वग्गांपैकी दुसरा अप्पमादवग्ग आहे, आणि महापरिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी भिक्खूंना केलेला अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. अप्रमाद म्हणजे जागरूकपणे, टाळाटाळ न करता हातातले काम करणे. आपल्या घरातील मुलाचे कोणते काम, कोणता अर्ज सध्या अडून राहिला आहे, हे आज रात्रीच त्याला विचारावे, आणि त्याचे पहिले पान त्याच्यासोबत बसून भरावे.