नागसेनवनातले कॉलेज

धामणगावहून बडनेऱ्याकडे जाणारी गाडी तुम्ही नेहमी पाहता. तिकीट काढले की कोणीही डब्यात बसतो. शेजारच्याची जात गाडी विचारत नाही. आमच्या वडिलांच्या वेळी शाळेत तसे नव्हते. त्यांच्याबरोबरचा एक पोरगा घरून तरटाचा तुकडा आणी आणि ओसरीवर बसे. दारातून जेवढे कानावर पडेल तेवढेच त्याचे शिक्षण. त्याची पाटी मास्तर हातात घेत नसत. चौथीच्या पुढे तो गेला नाही. वडील म्हणत, "गणितात तो आमच्याहून हुशार होता."

आता दूरची गोष्ट ऐका. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचे राज्य होते. 1860 पासून आपल्या देशातले मजूर तिकडे उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांची तिथेच वस्ती झाली. 1959 साली तिथल्या सरकारने कायदा केला, की उच्च शिक्षण रंगाप्रमाणे वेगवेगळे. मग 1961 साली डर्बन बंदरातल्या एका बेटावर, आरमाराच्या जुन्या बराकीत, आपल्या लोकांच्या मुलांसाठी कॉलेज उघडले. पोरे बोटीतून शिकायला जात. पुढे त्याचे विद्यापीठ झाले. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेऊन पदवी देणारी मोठी संस्था. गंमत पाहा, ज्यांना दूर ठेवायला ते काढले, त्यांतलीच कितीतरी पोरे त्या कायद्याविरुद्ध उभी राहिली. 1994 साली तिथे सगळ्यांना मताचा हक्क मिळाला.

आपल्याकडे असा कायदा नव्हता. त्याची गरजच काय? रूढी पुरेशी होती.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली शिक्षणसंस्था काढली. 1950 साली त्या संस्थेने औरंगाबादेत कॉलेज सुरू केले. (त्या शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात.) मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथे शिकवणे उर्दूतून. खेड्यातल्या गरीब पोराला ते कसे झेपावे? नव्या कॉलेजात वाट आधी अशा पोरांसाठी केली. पण दार सगळ्या जातींना उघडे ठेवले. बेटावरच्या कॉलेजात आणि यात फरक आहे तो इथे. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली.

कॉलेजचे नाव मिलिंद, आवाराचे नाव नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, वादात मोठा पटाईत. नागसेन हा बौद्ध भिक्षू. भिक्षूने राजाला विचारले, "रथातून आलात ना? मग रथ कोणता? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का?" राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. तुमच्या दमणीचेही तसेच आहे, बरं का! सुटे जू ओसरीत टेकवून ठेवले, तर त्याला कोणी दमणी म्हणत नाही. सगळे भाग जुळले म्हणजे आपण नाव देतो. राजाला ते पटले, आणि एवढा मोठा राजा असून त्याने तसे कबूल केले. कॉलेजला नाव द्यावे ते अशा माणसाचेच, असे आम्हाला वाटते.

1958 साली त्याच शहरात मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला. त्यावरून मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलितांची घरे जाळली, माणसे मारली. ज्या गावांत ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली, त्याच गावांतून त्यांना रातोरात निघावे लागले. एका नावासाठी! सरकारने ठराव बाजूला ठेवला. 1979 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लोक औरंगाबादेकडे पायी निघाले. ठरावापासून पंधरा वर्षांहून जास्त काळ सभा, मोर्चे, तुरुंग चालू होते. शेवटी 14 जानेवारी 1994 रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे नाव झाले. जुने नाव पुसले नाही, त्याला नवे जोडले.

तेव्हापासून दर संक्रांतीच्या सुमारास, 14 जानेवारीला, गावोगावचे लोक त्या विद्यापीठाच्या वेशीशी जमतात. म्हाताऱ्या बायाही येतात. कमानीला हात लावतात, वरची अक्षरे नातवाकडून वाचून घेतात. आसपास पुस्तकांची दुकाने लागलेली असतात.