मेंढवाड्यातील पिल्लाला योग्य घर : उपनगरातील पशुपालकांसाठी हिवाळी सल्ला

दिवाळी सरून भाताची कापणी आटोपली, म्हणजे पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणपट्टीतील मोकळ्या खाचरांत येऊन बसतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, धनगराला त्याबद्दल धान्य किंवा रोकड मिळते, आणि वाघरीबाहेर राखणीला बसलेल्या कुत्रीच्या कुशीत याच सुमारास पिल्ले दिसू लागतात. आपल्याकडील कुत्र्या बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात आणि गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, म्हणून पिल्लांचा मोठा भरणा हिवाळ्यातच होतो. आरे वसाहतीतील तबेले, गोराई-मनोरीच्या वाड्या, येऊरच्या डोंगरातील पाडे येथेही हाच क्रम चालतो. आणि यातील काही पिल्ले पुढे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील बिऱ्हाडांत जातात. ती कोठे आणि कोणाच्या हाती जावीत, याचा विचार पिल्लू मागणाऱ्याआधी देणाऱ्याने करावयाचा असतो. तो कसा करावा हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम या जनावराची प्रकृती ध्यानात घ्यावी. धनगराचे कुत्रे पिढ्यानपिढ्या लांडग्यापासून कळपाची राखण करीत आले आहे. जर्मन शेफर्ड किंवा बॉर्डर कोली यांसारख्या जातींची घडण मेंढरे वळविण्याच्या आणि एकत्र ठेवण्याच्या कामातून झाली आहे. काम निराळे असले तरी दोघांच्याही ठायी अहोरात्र जागरूक राहण्याची, हलत्या वस्तूकडे लक्ष ठेवण्याची आणि आपल्या माणसांची जबाबदारी स्वतःवर घेण्याची वृत्ती उपजत असते. हीच वृत्ती, तिला वाट न मिळाल्यास, बंद सदनिकेत उपद्रव होऊन बसते : पिल्लू धावत्या मुलांच्या टाचा धरते, लिफ्टच्या प्रत्येक आवाजाला भुंकते, दाराच्या चौकटी कुरतडते, आणि सहा महिन्यांत ‘कुत्रे वाईट निघाले’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. वस्तुतः दोष कुत्र्याचा नसतो. घराची निवड चुकलेली असते. म्हणून जागा किती चौरस फुटांची आहे याआधी, त्या घरात कुत्र्याला देण्यासारखे काम आणि सोबत किती आहे, हे पाहावे.

मुदतीविषयी कोणतीही घाई करू नये. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लाची विक्री करण्यास २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनी मनाई केली आहे, आणि पिल्लू विनामूल्य देतानाही हीच मर्यादा पाळणे हिताचे आहे. कारण चावा किती जोराने घ्यावा, केव्हा माघार घ्यावी, हे पिल्लू आईकडून व भावंडांकडून याच काळात शिकते. डिसेंबरच्या प्रारंभी जन्मलेले पिल्लू जानेवारीअखेर देण्याजोगे होते, मार्चअखेर सोळा आठवड्यांचे होऊन त्याचे प्राथमिक लसीकरण पुरे होते, आणि उन्हाळ्याचे दोन महिने नव्या घराशी मिळून घेण्यास त्याला मोकळे मिळतात. जूनमध्ये गोचिडांचा आणि साचलेल्या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो, तोवर ते बऱ्यापैकी सिद्ध झालेले असते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाने मुंबईत जो हाहाकार केला, तो पाहिलेल्यांना या सावधगिरीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

देण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत प्रत्येक पिल्लाचे स्वतंत्र निरीक्षण करावे. गोठ्यात एखादी रिकामी कासंडी फरशीवर पडली, की सगळी पिल्ले दचकतात. परंतु एक आईच्या पोटाखाली शिरते ते बाहेरच येत नाही, दुसरे चार पावले मागे सरून थांबते आणि मान वाकडी करून पुन्हा कासंडीपाशी हुंगावयास येते, तिसरे आवाज विरण्याआधीच तिच्यावर धावून जाते. गर्दीच्या वस्तीत दुसऱ्या प्रकारचे पिल्लू बहुधा लवकर रुळते. तिसऱ्याला मोकळी जागा आणि खंबीर धनी हवा. पहिल्याला शांत घर आणि सबुरीचा हात हवा. मात्र एका दिवसाच्या पाहणीवरून निवाडा करू नये. सकाळी, दुपारी, भुकेच्या वेळी आणि परका माणूस आला असता, असे अनेकदा पाहावे. याच दिवसांत पिल्लाला स्त्रिया, मुले, वृद्ध, वाहनांचे आवाज यांची हळूहळू ओळख करून द्यावी, कारण तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत जे परिचयाचे होते, त्याची भीती पुढे राहत नाही.

आता घराविषयी. तबेला, फुलझाडांची वाडी, पालघर-कर्जतकडे शेती असून तेथे नित्य वास्तव्य असणारे कुटुंब, ही ठिकाणे या पिल्लाला सर्वांत अनुकूल होत. केवळ शनिवार-रविवारी उघडणारे शेतघर मात्र अनुकूल समजू नये. तेथे आठवड्याचे पाच दिवस जनावर एकटे पडते. सदनिका सर्वथा वर्ज्य आहे असेही नाही : घरात दिवसभर कोणी असेल, सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास त्याला हिंडविण्याची व काही शिकविण्याची तयारी असेल, तर तेथेही ते सुखाने राहते. परंतु नवरा-बायको सकाळी लोकल गाठून रात्री परतणार आणि पिल्लू गॅलरीत साखळीला राहणार, असे दिसल्यास नम्रपणे नकार द्यावा. जनावराला वाजवीपेक्षा आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हे ठरविले आहेत. म्हणून शक्य तर घर स्वतः जाऊन पाहावे. कुत्रे रात्री कोठे निजणार, घरचे गावी गेल्यास त्याला कोण पाहणार, घरातील सर्वांची संमती आहे काय, हे तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने असलेल्या वस्त्यांसाठी, म्हणजे आरे, बोरिवलीचा पूर्व भाग, मुलुंडचा डोंगराकडील भाग यांसाठी, एक अट निरपवाद ठेवावी. येथील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. तेव्हा राखणीच्या नावाखाली पिल्लाला रात्री अंगणात बांधणे म्हणजे त्याला शिकारीसाठी ठेवणे होय, आणि त्यायोगे बिबट्याही माणसांच्या दाराशी येतो. अंधार पडताच कुत्रे पक्क्या दाराच्या आत घेण्याची हमी जो देईल, त्यालाच पिल्लू द्यावे.

दस्तऐवजाचा बंदोबस्तही रीतसर असावा. महानगरपालिकेचा श्वानपरवाना घेणे हे नव्या मालकाचे कर्तव्य होय. कुत्रे पाळण्यास सरसकट बंदी करण्याचा अधिकार गृहनिर्माण संस्थेला नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचनांद्वारे स्पष्ट केले आहे; तथापि स्वच्छतेचे व शेजारधर्माचे नियम पाळण्याची कबुली घेणाऱ्याने द्यावी. साध्या कागदावर पिल्लाची जन्मतारीख, जंताच्या औषधाच्या व लसींच्या तारखा लिहून उभयतांनी सह्या कराव्यात, आणि काही कारणाने ठेवणे अशक्य झाल्यास पिल्लू रस्त्यावर न सोडता परत आणून देण्याची अट त्यात अवश्य नमूद करावी.

सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांनी तिच्या मात्रा, आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, हा क्रम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाळावा. परळचे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तेथीलच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय या कामी आधार देणारी आहेत. भाकरी-ताकावर वाढलेल्या पिल्लाचे अन्न एकदम न बदलता आठवडाभरात थोडेथोडे बदलावे. कांदा, मनुका व चॉकलेट त्याला कदापि देऊ नये. आईच्या अंगाखालचे गोणपाट सोबत दिल्यास पहिल्या रात्रीचे रडणे बरेच कमी होते. आठवड्याने आणि मग महिन्याने एकदा विचारपूस करावी. त्यात चौकशीपेक्षा आपुलकीचा सूर असावा, म्हणजे अडचण असल्यास ती वेळीच कानावर येते.

इतके करूनही मनाजोगे घर न मिळाल्यास पिल्लू आपल्याच गोठ्यात ठेवावे. ते दोन महिन्यांचे झाले म्हणून कोणाच्या तरी पदरात टाकलेच पाहिजे, असा दंडक नाही. आणि या हिवाळ्यात जितक्या पिल्लांना खात्रीची घरे मिळाली, तितकीच पुढील वर्षी मिळतील असा भरवसा नसल्यास, पिल्ले दूध सोडून आईची प्रकृती सुधारताच, पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी तिची नसबंदी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. ज्याच्या दारात जन्म होतो, त्याच्याच दप्तरी त्या जन्माची जबाबदारी प्रथम लिहिली जाते.