अडुळशाच्या पानात काय आहे, आणि ते कशावरून?

महाराष्ट्रात कुंपणाला, विहिरीच्या काठाला आणि परसदारी आढळणारे अडुळशाचे झुडूप आपल्या परिचयाचे आहे. समोरासमोर जोडीने येणारी लांबट, टोकदार पाने, ओठांसारखी दुभंगलेली पांढरी फुले आणि गुरेही सहसा तोंड लावीत नाहीत इतकी कडू चव, ही त्याची ओळख. आयुर्वेदात त्यास ‘वासा’ म्हणतात व खोकला, कफ, दमा यांवर त्याचा उपयोग पूर्वापार सांगितला आहे. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे दोन प्रश्न विचारावेत : या पानात नेमके काय आहे, आणि ते आहे हे कशावरून? प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिली पायरी वनस्पतीची खात्री करण्याची. पाने फूल असलेल्या फांदीसह गोळा करून वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पक्की करावी आणि एक फांदी दाबून, वाळवून पुरावा म्हणून जपून ठेवावी. मूळ झाडच चुकले तर पुढील सर्व परिश्रम व्यर्थ होतात. उरलेली पाने सावलीत वाळवून त्यांची भरड पूड करावी. तीव्र उष्णतेने नाजूक संयुगे बदलण्याचा संभव असतो.

दुसरी पायरी अर्क काढण्याची. पूड अल्कोहोलमध्ये भिजवून गाळली व अल्कोहोल उडू दिले, की गडद हिरवा चिकट अर्क उरतो. त्यात शेकडो पदार्थ एकत्र असतात. अल्कलॉइड नावाचा गट त्यातून वेगळा करण्याची युक्ती सुंदर आहे. अल्कलॉइडे आम्लारीधर्मी असल्याने सौम्य आम्लात त्यांचे क्षार बनून ती पाण्यात उतरतात; हरितद्रव्य व मेणासारखे पदार्थ मागे राहतात. गाळलेल्या द्रावणात अमोनिया घातला की अल्कलॉइडे पुन्हा मुक्त होतात व क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेता येतात.

तिसरी पायरी रंगपरीक्षांची. मेयरच्या द्रावणाने अल्कलॉइडाचा पांढरट साका मिळतो, ड्रॅगेनडॉर्फच्या द्रावणाने नारिंगी. फेरिक क्लोराइडने टॅनिनला निळसर-काळा किंवा हिरवट रंग येतो. पाण्यात हलवल्यावर टिकून राहणारा फेस सॅपोनिन सुचवितो. मेयरच्या द्रावणात पाऱ्याचा विषारी क्षार असतो. म्हणून ही परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी व उरलेले द्रावण मोरीत ओतू नये.

येथेच पुष्कळ प्रकल्प थांबतात आणि वहीत लिहिले जाते, ‘अल्कलॉइड आढळले.’ पण साका दिसणे म्हणजे संयुग ओळखणे नव्हे. मेयरचे द्रावण प्रथिनांशीही साका देऊ शकते. उलट, चहातील कॅफीन अल्कलॉइड असूनही या परीक्षेत साका देत नाही. रंगपरीक्षा गटाची शक्यता सांगते; संयुगाचे नाव सांगत नाही.

नावासाठी चौथी पायरी चढावी लागते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या स्तंभातून विलग केली व त्या पद्धतीस क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. आज सिलिकाच्या पातळ थरावर अर्काचा ठिपका आणि त्याशेजारी शुद्ध संयुगाचा ठिपका ठेवून दोन्ही द्रावकात सारख्याच उंचीपर्यंत चढतात का, हे पाहतात. तेही एकाच द्रावकात पाहून भागत नाही. अखेरीस वस्तुमान वर्णपटाने रेणूचे वजन आणि चुंबकीय अनुस्पंदनाने अणूंची मांडणी तपासली जाते. अनेक स्वतंत्र पुरावे एकाच उत्तराकडे बोट दाखवतात, तेव्हाच ओळख पटली असे म्हणता येते.

अडुळशाच्या बाबतीत ते उत्तर ‘व्हॅसिसीन’ हे आहे. डेव्हिड हूपर यांनी 1888 मध्ये हे अल्कलॉइड वेगळे केले. त्याची रचना उलगडण्यास मात्र विसाव्या शतकाची चार दशके जवळ यावी लागली. त्याच्या रेणूत कार्बनचे 11, हायड्रोजनचे 12, नायट्रोजनचे 2 व ऑक्सिजनचा 1 अणू असतो. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यापासून व्हॅसिसिनोन तयार होते. याच रेणूच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध प्रयोगशाळेत घडविण्यात आले.

या ज्ञानाचा घरोघरी उपयोग आहे. व्हॅसिसीन गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचनही घडविते. म्हणून गरोदर स्त्रियांनी अडुळसा टाळावा. पानाचे वय, ऋतू व जमीन यांनुसार त्याचे प्रमाण बदलते. त्यामुळे घरी काढलेल्या एका चमच्यात किती औषध आहे हे चवीवरून कळत नाही. लहान मुलांना रस देण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा, तो याच कारणासाठी. आपल्या विद्यार्थ्यांनी परिसरातील एकेक पान याच क्रमाने तपासावे आणि प्रत्येक निष्कर्षापुढे तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे हे लिहून ठेवावे.