फोनवर थांबलेले गिऱ्हाईक

दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक आले, की शहाणा दुकानदार काय करतो? तो दुसऱ्याचे माप घालत असला, तरी मान वर करतो. म्हणतो, "या, बसा. एवढे झाले की तुमचेच." गिऱ्हाईक बसते. बसल्या बसल्या त्याची नजर दुकानात फिरते. नवी गुळाची ढेप दिसते. नवी केरसुणी दिसते. मीठ न्यायला आलेला माणूस गूळही घेऊन जातो.

हल्ली पुष्कळ गिऱ्हाइके पायरीवर येत नाहीत. ती फोनवर येतात. फोनवर ढेप दिसत नाही, केरसुणी दिसत नाही. दुकानदाराचा हसरा चेहराही दिसत नाही. तिथे फक्त कान असतो. थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या कानाला आपण काय ऐकवावे, ते या पाठात पाहू या.

'होल्ड' म्हणजे काय?

तुम्ही बँकेला किंवा गॅसवाल्याला कधी फोन केला असेल. पलीकडून आवाज येतो, "कृपया लाईनवर राहा." मग वाद्य वाजू लागते. वाद्य थांबते आणि कोणी तरी सांगते, "आमच्याकडे अमुक योजना सुरू झाली आहे." पुन्हा वाद्य वाजते. फोन तुटलेला नसतो, पण बोलणारा माणूसही अजून आलेला नसतो. अशा थांबण्याला 'होल्ड' म्हणतात. होल्डवर जे बोलणे ऐकू येते, ते आधी भरून ठेवलेले असते. यंत्र ते पुन्हा पुन्हा वाजवते.

हे बोलणे कशासाठी असते? एक तर, फोन चालू आहे हे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून. दुसरे म्हणजे, थांबल्या वेळात आपल्या मालाची माहिती सांगता यावी म्हणून. म्हणजे ही एक जाहिरातच असते. पण ही जाहिरात इतर जाहिरातींहून वेगळी आहे. भिंतीवरची जाहिरात वाटेने जाणारे सगळेच पाहतात. त्यांतल्या बहुतेकांना तो माल नको असतो. इथे मात्र गिऱ्हाइकाने स्वतः होऊन आपला नंबर फिरवलेला असतो. त्याला आपल्याशी काम असते. असा कान विकत घेऊ म्हटले तरी मिळत नाही.

ही युक्ती कशी निघाली?

पूर्वी फोन होल्डवर ठेवला, की पलीकडे सगळे सामसूम होई. थांबलेल्या माणसाला वाटे, फोन तुटला. तो फोन खाली ठेवी आणि पुन्हा लावी.

अमेरिकेत अल्फ्रेड लेव्ही नावाचा एक कारखानदार होता. त्याच्या कारखान्याच्या फोनमध्ये एक गंमत झाली. फोनची एक उघडी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला लागली होती. शेजारीच रेडिओ केंद्र होते. त्या केंद्राचा कार्यक्रम लोखंडावाटे तारेत उतरू लागला. होल्डवर थांबलेल्या माणसांना गाणी ऐकू येऊ लागली! दुसऱ्या कोणी ती तार नीट करून विषय संपवला असता. लेव्हीने विचार केला, की माणसे थांबतातच आहेत, तर मुकाट्याने का थांबावीत? १९६२ साली त्याने या युक्तीचा हक्क मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. अशा हक्काला पेटंट म्हणतात. १९६६ साली त्याला ते मिळाले.

आधी गाणी आली. मग गाण्यांच्या मध्ये बोलणे आले. आज आपल्या देशातही बँका, विमा कंपन्या आणि मोठे दवाखाने हे करतात.

आपण सर्वांनी ऐकलेला एक संदेश

आता आपल्या सर्वांच्या अनुभवातले एक उदाहरण घेऊ. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाची साथ पसरू लागली. तेव्हा कोणालाही फोन लावला, की घंटी वाजण्याआधी सरकारचा संदेश ऐकू येई. सुरुवातीला तर आधी खोकल्याचा आवाज येई. हा होल्डवरचा संदेश नव्हता. पण बेत तोच होता, माणूस थांबला आहे तोवर त्याच्या कानात चार शब्द घालावेत.

सुरुवातीला लोकांनी तो लक्ष देऊन ऐकला. हात धुवावेत, तोंड झाकावे, हे घरोघरी कळले. पण तोच संदेश महिनोन् महिने वाजत राहिला. लोक कंटाळले. घाईचा फोन असला, की चिडू लागले.

पुढे संदेश बदलला. लस घ्या, असे तो सांगू लागला. पण २०२१ च्या मे महिन्यात लशीचा तुटवडा होता. माणसे केंद्रांवरून हात हलवत परत येत होती. तेव्हा दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सरकारला टोकले. पुरेशी लस नसताना लस घ्या म्हणून सांगण्यात काय अर्थ, असे न्यायालयाने विचारले. एकच एक संदेश वाजवत बसू नका, निरनिराळे संदेश करा, असेही सुनावले.

यातून दोन धडे मिळतात. जे देता येत नाही, ते फोनवर सांगू नये. आणि तेच ते सांगून कान किटवू नये. सरकारला जे लागू, तेच बचत गटाला आणि किराणा दुकानालाही लागू.

आंब्याच्या पेटीचे उदाहरण

समजा, कोकणातल्या काही बागायतदारांनी एकत्र येऊन हापूस विकायचे ठरवले आहे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईहून फोनवर फोन येतात. फोन घेणारी माणसे दोनच. बाकीच्यांना थांबावे लागते. त्यांना काय ऐकवावे?

एकाने असा संदेश केला:

"आमचा आंबा जगात एक नंबर! आमच्यासारखा आंबा कोठेही नाही! आपला फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे. लाईनवर राहा!"

आता सांगा, या बोलण्यातून गिऱ्हाइकाला काय कळले? काहीच नाही. फोन मोलाचा आहे म्हणता आणि मला ताटकळत ठेवता, असे त्याच्या मनात येईल. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी फोनवरून धंद्याची होते. तो दुसरीकडे फोन लावील.

दुसऱ्याने असा संदेश केला:

"नमस्कार. आपला फोन लागला आहे. आमची माणसे इतर गिऱ्हाइकांशी बोलत आहेत. या आठवड्यात चार आणि पाच डझनांच्या पेट्या तयार आहेत. आंबा घरी आल्यावर पेंढ्यात ठेवून पिकवावा, फ्रीजमध्ये ठेवू नये. थांबायला वेळ नसेल, तर याच नंबरावर आपले नाव मेसेजने कळवा. संध्याकाळी सातच्या आत आम्ही फोन करू."

हा संदेश सावकाश वाचून पाहा. जवळपास अर्धे मिनिट लागेल. एवढ्यात गिऱ्हाइकाला पाच गोष्टी कळल्या. फोन चालू आहे. थांबावे का लागते आहे. माल कोणता आहे. घरी आल्यावर त्याचे काय करावे. आणि थांबायचे नसेल तर काय करावे. संदेशात बढाई एकही नाही. तरीही जाहिरात झाली. पेंढ्यात पिकवायला सांगणारा माणूस आंबा जाणणारा आहे, हे गिऱ्हाइकाने आपणच ताडले.

पण एक लक्षात ठेवावे. सातच्या आत फोन करू म्हटले, की तो सातच्या आत झालाच पाहिजे. शब्द मोडला तर संदेश नसलेला बरा. पेट्या संपल्या, की त्याच दिवशी संदेश बदलावा.

आपल्याला हे कसे करता येईल?

साध्या मोबाईलवर आपण कोणाला होल्डवर ठेवले, तर तिथे टेलिफोन कंपनीचाच आवाज वाजतो. आपला संदेश वाजवायचा, तर वेगळी सोय घ्यावी लागते. काही कंपन्या महिन्याचे भाडे घेऊन अशी सोय देतात. एका नंबरावर आलेले फोन त्या दोन-चार माणसांकडे वाटून देतात आणि मध्ये आपला संदेश वाजवतात. गटाने मिळून ही सोय घेतली, तर खर्च वाटला जातो. पैसे भरण्याआधी दर लेखी मागावा. सोय बंद करायची झाल्यास काय करावे लागेल, तेही विचारावे.

दिवसाला चार-पाचच फोन येत असतील, तर हा खर्च करू नये. त्यापेक्षा फोन उचलणाऱ्याला बोलण्याची रीत शिकवावी. "थांबा" एवढेच म्हणून फोन बाजूला टाकू नये. "ताई, दोन मिनिटे थांबता का? वही बघून भाव सांगते. नाही तर मीच दहा मिनिटांत फोन करते," असे म्हणावे. हाही होल्डवरचा संदेशच आहे. याला पैसा लागत नाही.

संदेश भरताना एवढे पाहावे:

१. संदेश अर्ध्या मिनिटाहून लांब नसावा. पन्नास-साठ शब्द पुरेत.

२. गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलावे. आपल्या गावातली स्वच्छ बोलणारी बाई किंवा बाप्या आवाज देऊ शकतो. शहरी आवाजाची नक्कल नको.

३. शब्द सावकाश उच्चारावेत. साधा फोन माणसाच्या बोलण्यापुरता बांधलेला असतो. फार जाड आणि फार बारीक सूर त्यातून नीट जात नाहीत. म्हणून फोनवर गाणे चिरकते, बोलणे मात्र कळते. बोलण्यामागे मोठ्याने वाद्य लावू नये.

४. सिनेमातले गाणे उचलून लावू नये. गाण्याला मालक असतो. धंद्यासाठी ते वाजवायचे, तर त्याची परवानगी लागते. आपल्या देशात यासाठी १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा आहे.

५. भाव, तारीख आणि माल बदलला, की संदेश बदलावा. गेल्या दिवाळीची सवलत शिमग्याला वाजू नये.

६. दुखणे-बाणे, अपघात अशा कामाच्या फोनवर जाहिरात मुळीच नको. ज्याच्या घरी माणूस तळमळतो आहे, त्याला सवलत ऐकवणे हा निर्दयपणा आहे. त्याचा फोन आधी उचलावा.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. गिऱ्हाइकाने आपल्याला फोन केला असता त्याला माहिती सांगणे वेगळे. आपण होऊन घरोघर फोन करून जाहिरात ऐकवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला सरकारी नियम आहेत. असे फोन नको असणाऱ्याला १९०९ या नंबरावर तशी नोंद करता येते. म्हणून मिळेल त्या नंबरावर जाहिरातीचे फोन करीत सुटू नये.

आपण थांबलेलो असतो तेव्हा

आपण कधी विकणारे असतो, तर कधी घेणारे. घेणाऱ्यानेही सावध असावे. होल्डवर जे ऐकू येते, ती विकणाऱ्याची बाजू असते. कर्ज स्वस्त आहे, असे फोनवर ऐकले म्हणून लगेच होय म्हणू नये. माणूस लाईनवर आला, की विचारावे, "व्याज किती? मुदत किती? हे लेखी मिळेल का?"

कंपनीचा नंबर पावतीवरून, पासबुकावरून किंवा बिलावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधलेला नंबर ठकाचा असू शकतो. ठकसुद्धा गोड आवाज लावतात, वाद्य वाजवतात, "लाईनवर राहा" म्हणतात. नुसत्या आवाजाने कंपनी खरी ठरत नाही. मोबाईलवर आलेला ओटीपी, म्हणजे त्या वेळेपुरता गुप्त आकडा, फोनवर कोणालाही सांगू नये. कार्डामागचा आकडा आणि पिनही सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. वेळ मात्र गेला तो गेला. फोनवर थांबलेला माणूस आपला वेळ विश्वासाने आपल्या हाती देतो. ती ठेव आहे. ठेव घेणाराने ती सांभाळून वापरावी. खरे सांगावे, थोडक्यात सांगावे, आणि लवकर फोन उचलावा. लवकर उचललेला फोन हीच सगळ्यांत चांगली जाहिरात आहे.

अभ्यास

१. होल्डवरची जाहिरात भिंतीवरच्या जाहिरातीहून वेगळी कशी?

२. लशीच्या संदेशावरून धंदेवाल्याने काय शिकावे?

३. आंब्याच्या दोन संदेशांपैकी तुम्हाला कोणता पटला? का?

४. तुमच्या गावात पापड, दूध, रोपे किंवा कोंबड्या विकणारे कोणी आहे का? त्यांच्यासाठी पन्नास शब्दांचा संदेश वहीत लिहा. तो वर्गात मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांना त्यातून काय कळले, ते विचारा.