मोटार चालू होत नाही? आधी लाईन तपासा, मग मोटार काढा



उन्हाळ्यात उसाला साधारण ८-१० दिवसांनी पाण्याची पाळी द्यावी लागते. आडसाली ऊस एप्रिल-मे महिन्यांत जोमाने वाढत असतो आणि नेमकी तेव्हाच मोटार बसते. थ्री फेज लाईन ठराविक तासच मिळते. ती वेळ वाया जाईल म्हणून आपण घाईघाईने पुन्हा पुन्हा बटण दाबतो. मूळ बिघाड पुष्कळदा फ्यूजसारखा किरकोळ असतो, पण या दाबादाबीत चांगली मोटार जळते. मग ती काढा, भरायला टाका, परत सोडा, यात एक पाळी हुकते. वाढीच्या दिवसांत हुकलेली पाळी कांडी आखूड करते आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य शासनाची मोफत वीज योजना लागू झाली. परंतु जळालेली मोटार कोणी मोफत भरून देत नाही! म्हणून तपासणीचा क्रम पाठ करावा : लाईन, फ्यूज, स्टार्टर, केबल आणि सर्वांत शेवटी मोटार.

प्रथम जिवाची काळजी. पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत. पायांत कोरडी रबरी चप्पल असावी व खाली लाकडी फळी घ्यावी. कपॅसिटर बसवला असेल तर लाईन बंद केल्यावरही त्यात वीज शिल्लक असते. लगेच हात घालू नये. डी. पी.वरचा फ्यूज गेला असेल तर तो लाईनमनचेच काम आहे. काठीने फ्यूज टाकण्याच्या नादात घरचा माणूस गमावू नका.

१. लाईन : पेटीवरचे तिन्ही दिवे सारखे लागले आहेत का बघा. एखादा मंद असेल तर तो फेज कमजोर आहे. मात्र तीन दिवे लागले म्हणजे तीन फेज आले, असे समजू नये. कधी कधी दोन तारांवर एकच फेज आलेला असतो. दिवे तिन्ही लागतात, पण त्या दोन तारांमधील व्होल्टेज शून्य भरते. म्हणून व्होल्टमीटरवर तिन्ही जोड्या पाहाव्यात. ४१५ च्या आसपास आकडा चांगला. ३५० च्या खाली असेल तर मोटार चालू करू नये.

२. फ्यूज : तार तुटली नसली तरी ग्रिप सैल किंवा काळी पडलेली असू शकते. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार घालणे म्हणजे राखणदाराला झोपवून ठेवणे होय.

३. स्टार्टर : बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल तर ओव्हरलोड रिले पडलेला असण्याचा संभव आहे. थोडा थंड होऊ द्यावा व एकदाच रिसेट करावा. पुन्हा पडला तर दोष दुसरीकडे आहे, वायरमनला बोलवा. बोट काढताच स्टार्टर सुटत असेल तर व्होल्टेज कमी आहे किंवा नोव्होल्ट कॉईलच्या जोडणीत बिघाड आहे.

४. आवाज : मोटार नुसती घुं-घुं करते, फिरत नाही, अशा वेळी तत्काळ बंद करा. स्टार्टरची कॉईल बहुधा दोनच फेजवर चालते. तिसरा गेला तर तिला पत्ता नसतो. ती स्टार्टर ओढून धरते आणि मोटारीला दोनच फेज मिळतात. चालू मोटारीचा एक फेज गेला तरी तिघांचे ओझे दोघांवर पडते, करंट सुमारे पावणेदोन पट होतो व काही मिनिटांत वाइंडिंग जळते. न फिरणारी मोटार तर त्याहून लवकर जळते. यावर सिंगल फेज प्रिव्हेंटर हाच उपाय.

५. केबल : इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर मोटारी असलेल्या सभासदांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी मागे सरकले की मोटार आणि केबल पुढे न्यावी लागते. ओढाओढीत सांधा उकलतो, दगडावर घासून वरचे आवरण फाटते. शिवाय केबल लांबली की मोटारीपर्यंत व्होल्टेज कमी पोचते. म्हणून लांबीप्रमाणे केबल जाड घ्यावी व सांधे शक्यतो पाण्याबाहेर ठेवावेत. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याखालच्या विहिरींतही सांध्यात पाणी शिरून असाच बिघाड होतो.

६. मोटार : एवढे सगळे ठीक निघाले तरच मोटारीकडे वळावे. मोनोब्लॉक असेल तर फ्यूज काढून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. फिरत नसेल तर बेअरिंग किंवा पंखा अडकला आहे, वाइंडिंग शाबूत असू शकते. पाणबुडी मोटार वर काढण्याआधी वायरमनकडून पेटीपाशीच मेगर लावून घ्या. एक मेगओहमपेक्षा कमी भरले तर केबल किंवा वाइंडिंगमध्ये ओल शिरली आहे. मोटार वर आल्यावर केबल सोडवून दोन्ही वेगळी तपासावीत. कित्येकदा मोटार चांगली आणि सांधा खराब निघतो.

आणखी एक सांगणे. रात्रीची लाईन आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून काही जण स्टार्टरमध्ये लाकडी पाचर ठोकतात किंवा दांडी तारेने बांधतात. असे केल्यावर कॉईल, रिले सारे असून नसल्यासारखे. एक फेज गेला तरी मोटार सुटत नाही आणि सकाळी जळका वास येतो. ऑटो स्विच लावायचाच असेल तर प्रिव्हेंटरसह लावावा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी टाकावे.

मोटारीच्या पाटीवर पूर्ण भाराचा अँपिअर दिलेला असतो. तो आकडा व वरील क्रम खडूने पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा, म्हणजे रात्री पाण्यावर घरातले कोणीही गेले तरी उपयोगी पडेल. दोनदा बटण दाबून मोटार उठली नाही, तर तिसऱ्यांदा दाबू नये. मेन स्विच पाडा आणि पहिल्या नंबरपासून बघत या.

– ऊस विकास अधिकारी